आठवी बाजू

ओळख होण्याआधीच त्याने मला भिजवलं.

फार नाही. डावी बाही, हातातली फाइल आणि चष्मा. आमच्या कापड तपासणी प्रयोगशाळेच्या मागच्या आवारात तो मोठ्या मॅडमची गाडी धुवायला आला होता. मी कोपऱ्यावरून वळले आणि नेमकी त्याच्या पाइपच्या टप्प्यात सापडले. पाणी थांबलं. गाडीच्या पलीकडून आधी एक हात वर आला, मग एक ओशाळलेला चेहरा.

"लागलं का?"

"पाणी आहे. लागेल कसं?"

"तसं नाही... म्हणजे, भिजलात का?"

माझ्या बाहीतून पाणी ठिबकत होतं. वेगळं उत्तर द्यायची गरज मला वाटली नाही. त्याने घाईघाईने खांद्यावरचा निळा टॉवेल पुढे केला. टॉवेलची घडी अशी होती की तिच्या कडेने पाव कापावा. मी चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर ठेवला, आणि समोरचं सगळं धुक्यात गेलं. पुन्हा पुसला. धुकं इकडचं तिकडे सरकलं, पण गेलं नाही.

"हा टॉवेल पाणी पीत नाही," मी म्हटलं.

"पोट भरलं असेल त्याचं."

"कोरडा आहे. शिवाय फुलांचा वास येतोय." मी चष्मा उजेडात तिरका धरला. उजव्या भिंगावर दोन बारीक रेघा होत्या. सकाळी नव्हत्या. "आणि हा ओरखडे काढतो."

त्याचं हसू असं मावळलं की मला वाटलं, मी टॉवेलबद्दल नाही, त्याच्या घरातल्या कुणाबद्दल काहीतरी बोलले. ते तसंच होतं, हे मला दोन दिवसांनी कळलं.

"ओरखडे?" त्याने टॉवेल हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. "मॅडम... परत एकदा सांगता?"

मग तो पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. मी उभीच होते, पण निघावंसं वाटलं नाही.

गाडी धुणं वेगळं आणि तो करायचा ते वेगळं. तो डिटेलिंग करायचा. रंगावरचे ओरखडे काढायचे, पॉलिश लावायचं, उतरवायचं आणि पत्र्याचा आरसा करायचा. पेट्रोल पंपामागे त्याची एक पत्र्याची शेड होती. तिथले लोक त्याला 'चकाचक' म्हणत. मागच्या महिन्यात एका शोरूमने त्याला एक काळी गाडी दिली. शेडमध्ये झकास दिसली. शोरूमच्या दिव्यांखाली नेली, तर बॉनेटभर कोळ्याचं जाळं. बारीक, गोल गोल रेघा.

"मॅनेजर म्हणाले, बारा दिवसांनी, शनिवारी, नवी गाडी मंचावर चढायची आहे. तीही काळीच. एक शेवटची संधी देतो. जमलं तर वर्षभराचं काम तुमचं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर शेडला कुलूप. मामाचं टायरचं दुकान आहे, रेल्वेने दोन दिवस लागतात एवढ्या लांब. तो कधीचा बोलावतोय." तो टॉवेलकडे बघत होता. "पॉलिश बदललं, मशिन बदललं, पाणी बदललं. पांढऱ्या गाडीवर काही दिसत नाही हो, पण काळा रंग काहीच लपवत नाही. मला वाटलं माझा हातच बिघडला. टॉवेलवर कोण संशय घेतं?"

"आम्ही घेतो. आमचं कामच ते आहे. नमुना म्हणून ठेवून घेऊ?"

"घ्या की. परत मिळेल ना?"

"नमुना परत मिळत नाही. अहवाल मिळतो."

"तो घ्यायला मला यावं लागेल?"

"टपालानेही पाठवतो."

"टपाल फार हरवतं आजकाल," तो गंभीरपणे म्हणाला. "मीच येतो."

*

बुधवारी तो आला तेव्हा धुतलेला शर्ट घालून आला होता, आणि केसांना पाणी लावून. मी ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

मी आधी एका नव्या टॉवेलचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "बघा."

तो वाकला. एका डोळ्याने कसं बघायचं ते त्याला कळेना, म्हणून मला शेजारी वाकावं लागलं. त्याच्या मनगटाला पॉलिशचा मंद वास होता.

"काय दिसतंय?"

"सोललेलं संत्रं. फोडी फोडी सुट्या झालेल्या."

"बरोबर. केसाहून कितीतरी बारीक धागा, आणि तोही असा चिरलेला. धूळ त्या फटींत जाऊन बसते. पाणीही तिथेच जातं. धूळ आत गेली की रंगावर घासली जात नाही. या टॉवेलचं सगळं कसब त्या फटींत आहे." मी काच बदलली. "आता तुमचा."

तो पुन्हा वाकला, आधी एक डोळा लावला, मग दुसरा.

"फटी बुजल्यात," शेवटी म्हणाला. "आणि हे टोकाला... गोळे आहेत?"

"वितळलेली टोकं. थंड होऊन कडक झालेली. अशा हजारो टोकांनी तुम्ही काळी गाडी पुसलीत." मी त्याच्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंब सोडला. तो अळवावरच्या पाण्यासारखा तसाच उभा राहिला. "फटी बुजवणारा थर आहे तो कपडे मऊ करणाऱ्या सुगंधी द्रावणाचा. टोकं वितळली ती उष्णतेने. एवढी उष्णता म्हणजे जणू कुणी याला इस्त्रीच केली असावी."

मी गंमत म्हणून बोलले होते. तो हसला नाही.

"कुणी करतं?"

"मावशी," तो म्हणाला.

आईवडलांच्या पश्चात त्याला मावशीने वाढवलं होतं. तीस वर्षं ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात इस्त्रीच्या टेबलावर उभी होती. आता गुडघे गेले होते. शेडच्या मागच्याच खोलीत दोघं राहत. त्याने टॉवेल धुऊन वाळत घातले की ती ते गोळा करायची, सुगंधी पाण्यातून काढायची आणि एकेक टॉवेल कडक इस्त्री करून ठेवायची. माझ्या भाच्याच्या दुकानात चुरगळलेलं कापड दिसणार नाही, असा तिचा हट्ट.

"आता दिवसभरात तिच्याकडे तेवढंच काम उरलंय," तो म्हणाला. "तिला कसं सांगू, की तूच..."

"खरं आहे तसं सांगायचं."

"तुम्ही सगळ्यांना असंच सांगता?"

"हो."

"मित्रमैत्रिणी किती आहेत?"

मी मोजलं. "एका हाताच्या बोटांवर मावतात."

"बोटं उरतात का?"

"दोन."

"मग त्यातलं एक माझ्यासाठी ठेवा."

मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला, मग काहीतरी करायचं म्हणून पुन्हा लावला.

*

मावशीला काही सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं. नवे टॉवेल आणायचे, डबाबंद करून शेडमध्ये ठेवायचे. जुने चाकांपुरते वापरायचे; ते मावशीकडे जात राहतील, ती इस्त्री करत राहील, कुणाचं मन दुखणार नाही. मला ते पटलं नाही, आणि मी तसं सांगितलं. "खोटं तर नाही बोलत," तो म्हणाला, "फक्त गप्प बसतोय." माझ्या मते या दोन गोष्टींचा उत्कलनबिंदू एकच असतो. पण मावशी त्याची होती.

टॉवेल निवडायला मात्र मी त्याच्यासोबत गेले. पिशवीत भिंग, ड्रॉपर आणि खिशातलं छोटं सूक्ष्मदर्शक. दुकानदाराने गठ्ठेच्या गठ्ठे समोर टाकले. मी प्रत्येक टॉवेलवर कोरडा तळहात फिरवला. चांगला असेल तर तो कातडीला हलकेच धरतो, जणू सोडायचं मन नाही. मग लव बघितली. आखूड लव काचेसाठी ठीक, खूप दाट असेल तर पाणी टिपायला, आणि पॉलिश उतरवायला मधली, बोट रुतेल पण बुडणार नाही अशी. मग पाण्याचा थेंब. मग काठ. शिवलेला जाड काठ असलेले सगळे मी बाजूला सारले, कारण तो दोराही ओरखडतो. आतली चिठ्ठी कातरीने काढता येईल का तेही पाहिलं.

अर्ध्या तासाने दुकानदाराने हात टेकले. "ताई, टॉवेल घेताय की मुलगा बघताय?"

"दोन्हींत घाई करू नये," माझ्या शेजारून आवाज आला.

मी मान वर केली नाही. चष्मा मात्र आपोआप धुरकटला. दुकानात दमटपणा होता, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

चाळीस टॉवेल पसंत पडले. दुकानात तेवढेच होते. पुढचा माल थेट पुढच्या महिन्यात. एक मी संदर्भासाठी म्हणून जागच्या जागी कापून पिशवीत टाकला, तेव्हा दुकानदाराने डोळे मिटून घेतले. राहिले एकोणचाळीस.

त्यानंतर प्रयोगशाळा सुटली की मी शेडमध्ये जायला लागले. मला कापड कळत होतं, काम त्याला कळत होतं. ते मला पहिल्याच दिवशी कळलं.

"अशी घडी घाला. दोनदा. किती बाजू झाल्या?"

"वरची आणि खालची."

"उलगडून बघा, प्रयोगशाळावाल्या."

मी उलगडून पाहिलं. पालटत गेलं की एकेक कोरी बाजू निघत होती. आठ.

"एक बाजू मळली की पालटायची. आठ झाल्या की टॉवेल संपला. आणि खाली पडला तर?"

"झटकायचा."

"मेला समजायचा," तो म्हणाला. "जमिनीवरचा एक खडा अडकला की तो गाडीभर लिहीत जातो. पडलेला टॉवेल चाकांना. रंगाला पुन्हा कधी नाही."

त्याने माझ्या हाताखाली टॉवेल सरकवला. "दाबू नका. त्याचं वजन त्याला पुरे. फक्त ओढत न्या... हळू. हां." त्याचा हात माझ्या हाताच्या बोटभर वर होता, पूर्ण वेळ. तो टेकला नाही. पण त्या बोटभर अंतरातलं तापमान मी आजही सांगू शकेन.

घरी वहिनीने दाराशीच अडवलं. "काय गं, हल्ली येतेस ती पॉलिशचा वास घेऊन येतेस. नेलपॉलिश तर तू कधी लावत नाहीस."

"एक प्रयोग चालू आहे."

"निष्कर्ष कधी?"

"शनिवारी," मी म्हटलं. ती हसत आत गेली. मला मात्र हसू आलं नाही. शनिवारनंतर तो रेल्वेने दोन दिवस लागतात एवढ्या लांबही असू शकत होता. हे वाक्य मी मनात कितीदा सरळ केलं, तरी त्याला सुरकुती पडतच होती.

*

शुक्रवारी दुपारी दोनला त्याचा फोन आला.

"येता का?"

"सुटल्यावर येतेच आहे की."

"आत्ता," तो म्हणाला. आणि फोन ठेवून दिला.

तीन वर्षांत पहिल्यांदा मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

शेडच्या मागच्या खोलीत शिरले तर समोर इस्त्रीचं टेबल, आणि त्यावर टॉवेलांची भिंत. एकावर एक, काठाला काठ, ओळंबा लावून रचल्यासारखी. खोलीभर फुलांचा दरवळ. टेबलामागे एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई एका पायावर भार देऊन उभी होती, हातात गरम इस्त्री. तो दाराशी उभा होता, खडूसारखा पांढरा.

"तूच ना ती रोज येणारी भिंगवाली?" मावशी म्हणाली. "बस. याचं बघ, उद्या एवढं मोठं काम आणि नवे टॉवेल डब्यात तसेच कोंबलेले. चुरगळलेले. म्हटलं, पोराला वेळ नसेल. एकोणतीस झाले. दहा त्या बादलीत आहेत, सुगंधी पाण्यात. तेवढे काढते आणि चहा ठेवते."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान अगदी थोडी हलवली. नको. नका सांगू.

मी दोन्ही गोष्टी तोलल्या. एकीकडे त्याची विनवणी होती. दुसरीकडे दहा टॉवेल, ज्यांना अजून इस्त्री लागलेली नव्हती, आणि जिचा हात त्यांच्याकडे निघाला होता अशी एक बाई. आणि मी अशी मुलगी होते, जिला दुसरं काही येत नव्हतं.

"मावशी," मी म्हटलं, "इस्त्री बंद करा आणि जरा इकडे या. तुम्हाला एक दाखवायचं आहे."

पिशवीतून मी तो कापलेला तुकडा काढला. त्याच्यावर छोटं सूक्ष्मदर्शक ठेवलं. मावशीने डोळा लावला. मग तेच मी इस्त्री केलेल्या टॉवेलवर ठेवलं. ती कितीतरी वेळ वाकून राहिली. थंड होणाऱ्या इस्त्रीची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"हे मणी कसले?"

"वितळलेली टोकं."

"कापूस वितळत नाही."

"हा कापूस नाही, मावशी. पॉलिस्टर आणि नायलॉन आहे."

ती सावकाश ताठ झाली. माझ्याकडे नाही, भाच्याकडे वळली.

"तू मला काय म्हणाला होतास? हे काय आहे म्हणून?"

"टॉवेल."

"टॉवेल म्हणालास. कापड कसलं, ते नाही म्हणालास. माझ्या टेबलावर आलेल्या एकेका कपड्याची मी आधी जात विचारली, मग इस्त्री लावली. नायलॉनचे शर्ट कोमट इस्त्रीवर ओला रुमाल टाकून काढलेत मी. तुला विचारलं नाही, कारण तू घरचा." ती थांबली. "तुला कधी कळलं हे?"

त्याने नजर बादलीकडे वळवली.

"याला कधी कळलं?" तिने मला विचारलं.

"नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस. आणि नऊ दिवस तू मला चाकांची फडकी इस्त्री करायला देत होतास? उगाच? म्हातारीला खेळणं?"

"तुला वाईट वाटलं असतं," तो म्हणाला.

"वाटलंच असतं. एक दिवस. मग मी शिकले असते." तिने डोळ्यांच्या कडा पदर नसल्यामुळे बाहीनेच पुसल्या, आणि ती बाही वर सारली. "बरं. रडायचं ते उद्या संध्याकाळी. ए भिंगवाली, या बादलीतले वाचतील का?"

"आच लागलेली नाही यांना. फक्त थर आहे. निघायला हवा."

"थर कसा काढायचा ते मला नको शिकवू. पाणी कोमट कर. कढत नाही, कोमट. साबण पातळ, बिनवासाचा. आणि तू," भाच्याला, "उभा काय राहिलास, बादल्या भर."

दहा टॉवेल आम्ही धुतले. खळबळून पिळले, पुन्हा धुतले. दर वेळी मावशी काठ चिमटीत धरून चोळायची आणि म्हणायची, "अजून घसरतंय." मी थेंब सोडायचे, थेंब उभा राहायचा. चौथ्या पाण्याला तिने चिमूट चोळली आणि कान लावल्यासारखी थांबली. "आता धरतंय." मी थेंब सोडला. तो पडला आणि दिसेनासा झाला. तिची बोटं आणि माझा थेंब दुपारभर एकदाही भांडले नाहीत.

सावलीत दोरी बांधली. आधी दोरी पुसली. आजूबाजूचे सुती कपडे तिने स्वतःच हटवले. "यांचा कापूस त्यांना चिकटेल ना? मग. एवढं कळतं मला." पंखा लावला. कुणी चहाचं नाव काढलं नाही.

टॉवेल वाळत होते तेव्हा मी कागदावर गाडी काढली. दहा टॉवेल, ऐंशी बाजू. बॉनेटला दहा, छताला दहा. चार दारं, प्रत्येकी सात. चार मडगार्ड, प्रत्येकी पाच. डिकीला आठ, बंपरना मिळून तीन.

त्याने खांद्यावरून वाकून पाहिलं. "एकोणऐंशी."

"हो. एक उरते."

"ती कशाला?"

"चुकीला," मी म्हटलं. "प्रत्येक प्रयोगात एक ठेवतात."

तो कागदाकडे बघत राहिला. मग, कागदाकडेच बघत, म्हणाला, "तुम्ही नाही ऐकलंत माझं. बरं केलंत."

*

शनिवारी सकाळी शोरूमच्या मधोमध काळी गाडी उभी होती. डोक्यावर दिव्यांच्या दोन रांगा. मावशी प्लास्टिकच्या खुर्चीत काठी आडवी धरून बसली होती, परीक्षक तीच असल्यासारखी. टाय लावलेले मॅनेजर घड्याळ बघत फिरत होते.

त्याने पॉलिश लावलं. मी त्याच्या डाव्या हाताला उभी राहिले. घडी घातलेला टॉवेल त्याच्या हातात द्यायचा, मळला की पालटायचा, आठ झाल्या की माझ्याकडच्या पिशवीत. मी हळू आवाजात मोजत होते. अकरा. बारा. तेरा. तो दाबत नव्हता. टॉवेल ठेवत होता आणि नेत होता, झोपलेल्या माणसावरून पांघरूण सारावं तसा. त्याच्या मागे काळा रंग उघडत जात होता, आणि त्यात वरचे दिवे एकेक करून उमटत होते.

एकोणसत्तराव्या बाजूला दाराच्या खालच्या काठाशी तो वाकला, आणि टॉवेल त्याच्या बोटांतून निसटला.

पडताना दिसला मला. फार सावकाश पडला. जमिनीपासून वीतभर वर तो माझ्या तळहातावर आला. मी गुडघ्यावर होते, पिशवीसकट. कशी पोचले ते माहीत नाही. तीन वर्षांत मी प्रयोगशाळेत एकही काचेचं भांडं फोडलेलं नाही, एवढंच सांगता येईल.

"एकोणसत्तर," मी म्हटलं, आणि टॉवेल पुन्हा त्याच्या हातात दिला. या वेळी ते बोटभर अंतर राहिलं नाही.

मागून मावशी खाकरली.

मॅनेजरनी खिशातून टॉर्च काढला. बॉनेटवर तिरका धरला, मग आडवा. छत पाहिलं, स्टुलावर चढून. दारं पाहिली, गुडघ्यावर बसून. अकरा मिनिटं. मी मोजली, कारण श्वास घेण्यापेक्षा ते सोपं होतं. शेवटी ते बॉनेटसमोर थांबले. त्यात त्यांचाच चेहरा होता, टायच्या गाठीसकट. त्यांनी गाठ नीट केली.

"मागच्या वेळी तुम्हीच होता ना?"

"हो."

"मग असं काय बदललं?"

"या," त्याने हात केला, "माझी मावशी. आमच्या धुलाईच्या प्रमुख. आणि या..." तो अडखळला. "यांचं पद अजून ठरायचं आहे."

"माझ्याकडून ठरलंय," मावशी खुर्चीतून म्हणाली.

मॅनेजर पहिल्यांदा हसले. "सोमवारपासून या. आठवड्याला सहा गाड्या. आणि प्रमुखबाईंना सांगा, आमच्या काचा पुसायची फडकीही एकदा बघून घ्या म्हणावं."

"आणून टाका," मावशी म्हणाली. "आधी कापड कसलं ते सांगा."

*

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. मावशी पुढे, फाटकाशी, सामान नीट लावून घेत होती. खरं तर लावलेलं सामान पुन्हा काढून लावत होती. तो माझ्या समोर उभा राहिला. हातात दहावा टॉवेल.

"चूक झाली नाही," तो म्हणाला. "त्यामुळे एक बाजू उरली."

"कोणती?"

"आठवी." त्याने घडी पालटली. कोरी, निळी, काहीही न लागलेली. "चष्मा द्या."

मी दिला. चष्म्याशिवाय मला तो फक्त एक रंगाचा डाग दिसत होता. ज्या हातांनी एकोणऐंशी बाजू न चुकता नेल्या, त्यांनी दोन छोटी भिंगं तीनतीनदा पुसली. त्याने चष्मा माझ्या डोळ्यांवर ठेवला. धुकं नव्हतं. त्याच्या भुवईवर पॉलिशचा पांढरा ठिपका होता. डोळे मी समजत होते त्याहून जास्त तपकिरी होते.

"या दोन रेघा जात नाहीत," तो म्हणाला. "पहिल्या दिवसाच्या. नवा चष्मा घेऊन देतो."

"नको. तो पुरावा आहे."

"कशाचा?"

मी आयुष्यात कधी एवढी अडखळले नाही. पण वाक्य एकदा खरं ठरलं की ते बोलायचंच असतं.

"मी सगळ्यांना खरं तेच सांगते, आठवतं? तर... मला तू आवडतोस. नमुना एकच आहे, पण मला दुसरा तपासायचा नाही."

टॉवेल त्याच्या हातातून सुटला. या वेळी मी धरला नाही. तो सरळ पायरीवर, धुळीत पडला.

"पडला," मी म्हटलं.

"पडू दे," तो म्हणाला. "दहा दिवस मी हेच वाक्य घडी घालून ठेवलं होतं, आणि तू आधी बोललीस."

"मग तूही बोल. पडताळणी लागते."

तो बोलला. अगदी हळू. ते मी इथे लिहिणार नाही.

फाटकापासून काठीचा आवाज आला. "काय रे, खाली पडलेला तो चाकांच्या ढिगात टाक. की नियमही विसरलास?"

"टाकतो, मावशी," तो म्हणाला. पण वाकला नाही. दोन्ही हात त्याचे अडकलेले होते, आणि माझेही.